काळा तळहात

ही वही कुणाच्या हाती लागली तर आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर किडमिडं आहे आणि वेलांट्या मला कधीच कळल्या नाहीत. चौथीच्या पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि मुलीला तिकडे धाडायचं कुणाच्या मनातही आलं नाही. जिथे शब्द चुकला असेल तिथे मोठ्याने वाचून पाहावं, कानाला कळेल. नातीच्या जुन्या वहीतली ही कोरी पानं आहेत. समासात तिची गणितं आहेत, त्यांना मी हात लावलेला नाही.

लिहायला बसले ती एका बाटलीमुळे. इथे धुळ्याला मुलाच्या घरी मागच्या आठवड्यात सुनेने नातीसाठी तेल मागवलं. पोरीचे केस फणीला गुंतून येतात. बाटलीवर माक्याचं चित्र आहे, पण चित्रातलं फूल पिवळं आहे. आमच्याकडच्या माक्याचं फूल पांढरं, शर्टाच्या बटणाएवढं. सून आत गेल्यावर मी चार थेंब तळहातावर घेतले, चोळले आणि वाट पाहत बसले. तेलाने हात काळा होत नाही हे मला माहीत आहे, हात काळा होतो तो ओल्या पाल्याने. तरी बसले. बाटलीवर शुद्ध म्हणून लिहिलं आहे, पण लिहिलेल्याचं काय, लिहिता तर मलाही येतं. हात पांढराच राहिला. मग तो पदराला पुसून मी ही वही काढली.

मी फुईकडे राहायला गेले तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. फुई म्हणजे वडिलांची बहीण. आमचं गाव साक्रीच्या बाजूला, पावसाच्या भरवशावरचं, आणि घरात माझ्या पाठची चार. फुईला मूलबाळ नव्हतं. तिचं घर यावलजवळ, केळीच्या पट्ट्यात. तिच्या नवऱ्याला सगळं गाव नाना म्हणायचं, मीही नानाच म्हणायची. दोन एसटी बदलून वडिलांनी मला तिथे पोचवलं, चहा घेतला आणि उभ्या उभ्याच निघाले. फुईने पहिलं काम केलं ते मला ओट्यावर बसवून केस बाजूला सारून डोकं पाहिलं. उवा आहेत की नाहीत हे तिने विचारलं नाही, मी नाही म्हटलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता. पाहून झाल्यावर कात्री आणून मानेपर्यंत केस कापले.

फुईचा कुणावरच विश्वास नव्हता. डाळीच्या डब्यात डाळ सपाट करून ती बोटाने त्यावर रेघ ओढून ठेवायची आणि दुपारी येऊन रेघ पाहायची. दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर आपल्या डोक्यातला एक केस आडवा ठेवायची. बाहेर जाताना कडीला दोरा बांधायची, गाठ तिची तिलाच कळे. नाना हसायचे. म्हणायचे, “अगं, चोर आला तर गाठ सोडून आत जाईल, तुझी गाठ पाहून परत थोडाच जाईल?” फुई म्हणायची, “चोर नको येवो. कोन उनं व्हतं, ते समजाले पायजे.” म्हणजे, कोण आलं होतं ते कळलं पाहिजे. ती चाळीस वर्षं पूर्वेकडे राहिली, पण राग आला की तिच्या तोंडून आमच्या साक्रीकडचीच बोली निघायची. गावातल्या बायका तिला साक्रीवालीच म्हणायच्या.

तरी त्या घरात मी पोट भरून जेवत होते. सकाळी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, हिवाळ्यात केळीच्या पानावर वाढलेलं भरीत, उन्हाळ्यात डाळीचे वाफवलेले फुनके आणि आंबट कढी. गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातले की राखायला मी बसायची, आणि ओले बिबडे खाल्ले तर फुईला मोजून कळायचं. माझ्या घरी आम्हा पाच भावंडांत एका भाकरीचे तुकडे व्हायचे. म्हणून मला फुईच्या घरी काही म्हणजे काही चुकू द्यायचं नव्हतं. चुकलं की साक्रीची गाडी, असं मी माझ्याच मनाने ठरवून टाकलं होतं. फुई तसं कधी म्हणाली नव्हती. पण तिने दोनदा माझ्यासमोर एसटीचं भाडं नानांना विचारलं होतं, आणि ते मी विसरले नव्हते.

फुई माक्याचं तेल करायची. आसपासच्या गावांतून बायका यायच्या. रीत अशी होती की जिचं तेल तिने आपली रिकामी बाटली आणायची, बाटलीच्या गळ्याला आपल्या आवडीचा दोरा बांधायचा आणि पैसे आधी द्यायचे, कारण त्या पैशातून फुई घाण्यावरून तिळाचं तेल आणायची. बाटलीला तीन रुपये. भिंतीतल्या देवळीत हिरवे, लाल, जांभळे दोरे बांधलेल्या बाटल्या ओळीने उभ्या असायच्या. त्यात दारूच्या बाटल्याही असायच्या, पण कुणी तसं म्हणायचं नाही.

माका आणायचं काम माझं. तो नानांच्या केळीत, पाटाच्या कडेला, जिथे पाणी झिरपतं तिथे आपोआप उगवायचा. शिकवताना फुईने मला सांगितलं की त्याच्यासारखी दिसणारी दोन-तीन तणं असतात, पानाला पाहून फसायचं नाही. पान तळहातावर चुरडायचं. आधी हिरवं पाणी निघतं. मग दम धरायचा. थोड्या वेळाने ते हिरवं काळं पडायला लागतं, जणू शाई सांडली. काळं झालं तर माका, नाही झालं तर फेकायचं. भारा घेऊन घरी आले की फुई पाल्याकडे पाहायचीच नाही. दारातच म्हणायची, “हात दखाड.” मी तळहात पुढे करायची. काळा दिसला की ती बाजूला सरून मला आत घ्यायची. साऱ्या दुनियेवर संशय घेणारी ती बाई माझ्या तळहातावर विश्वास ठेवायची, आणि त्या वयात मला त्याचा फार अभिमान होता.

तेल करायच्या दिवशी दार आतून बंद. मी पाट्यावर पाला वाटायची, फडक्यातून रस पिळायची. फुई लोखंडी कढई चुलीवर ठेवायची, त्यात तेल, रस, आवळकाठी आणि गुंजेचा पाला. सुरुवातीला कढई इतकी खदखदायची की आम्हाला एकमेकींचं बोलणं ऐकू यायचं नाही. मग आवाज हळूहळू खाली यायचा. शेवटी फुई कापसाची वात त्या तेलात बुडवून दिव्यावर धरायची आणि डोळे मिटून ऐकायची. वात तडतडली तर तेलात अजून पाणी आहे. गुपचूप जळली तर झालं. ती ऐकत असताना मी श्वासही घ्यायची नाही.

आवळकाठी आणि गुंजेचा पाला यायचा डोंगरातून. बिजली नावाची एक पावरा आदिवासी बाई सातपुड्यातून यावलच्या बाजारात यायची. फडक्यात बांधून दोन्ही आणायची. फुई तिच्याशी अर्धा-अर्धा तास घासाघीस करायची, आवळकाठीचा तुकडा दाताखाली धरून पाहायची, गाठोडं उलटंपालटं करायची. बिजली काही न बोलता दुसरीकडे बघत उभी राहायची. मीही कुणाशी बोलत नसे, तीही नसे, म्हणून मला ती आवडायची. एकदा तिने माझ्या हातात मूठभर चारोळ्या दिल्या. फुईने त्या घरी येईपर्यंत खाऊ दिल्या नाहीत, घरी आल्यावर आधी स्वतः दोन खाल्ल्या.

शेजारी काशीअक्का राहायची. तोंडाने फटकळ. तिचं म्हणणं असं की फुईचे गुडघ्यापर्यंतचे केस खरे नाहीतच, गंगावन आहे, म्हणून तर बया कुणापुढे वेणी सोडत नाही. एकदा तिने लग्नाच्या पंगतीत मागून जाऊन फुईचा अंबाडा ओढून पाहिला होता म्हणे. आणि तरी स्वतःची बाटली भरायला यायचीच. माझे केस दोन वर्षांत कमरेखाली गेले तेव्हा फुई मला बायकांपुढे उभी करायला लागली. “मन्ही भाची. उनी तवय उंदरानी शेपटी व्हती.” बायका माझी वेणी ओढायच्या, मुळाशी बोट घालून पाहायच्या. मी लाजेने खाली मान घालून उभी असायची. काशीअक्का सगळ्यांत शेवटी ओढायची आणि सगळ्यांत जोरात. “आहे बाई, खरी आहे,” असं म्हणायची, आणि तेही अशा आवाजात की खरी असणं हीच काहीतरी लबाडी.

आता चिकाचं सांगायला हवं, सगळं त्याच्यावरच फिरलं. केळीच्या बुंध्याशी पिलं फुटतात, ती कापावी लागतात, नाहीतर ती घडाची ताकद खातात. कापलं की पाण्यासारखा चीक उडतो. दिसताना काही दिसत नाही, पण कपड्यावर पडला तर डाग जन्माचा, आणि हाताला लागला तर हात काळा पडतो. फुईने नानांना बजावलं होतं, “पोरीले चीकमा घालानं नही. उद्या तिले पाहाले येतीन तर हात कोनले दखाडशी?” पण त्या उन्हाळ्यात नानांची कंबर धरली. मी माक्याला गेले की ते बांधावर बसून नुसतं पिलांकडे पाहायचे. एकदा मीच विळा उचलला. नाना म्हणाले, “तुझ्या फुईला कळलं तर तुला नाही, मला घराबाहेर काढेल.” मी म्हटलं, “मी नाही सांगणार.” ते म्हणाले, “तू कुणाला काय सांगतेस? तू तर नावही विचारल्यावर दोनदा सांगत नाहीस.” आम्ही दोघं हसलो. त्या घरात फुईला न कळलेली एवढी एकच गोष्ट होती आणि ती माझी होती. मला त्याची गंमत वाटत होती.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि झोक्यावर बसलेल्या बाईची वेणी सगळं गाव पाहतं. त्यामुळे त्या महिन्यात देवळीत जागा उरत नसे. त्या वर्षी बारा बाटल्या होत्या. तांबड्या दोऱ्याची काशीअक्काच्या शोभाची, तिचं लग्न आखाजीनंतर ठरलं होतं. काशीअक्का बाटली ठेवताना म्हणाली, “साक्रीवाले, यावेळी तेल दाट दे बरं. पोरगी परक्या घरी चालली माही. सासू डोक्यावरचा पदर खाली ओढून पाह्यणारी आहे.” फुई म्हणाली, “मी कधी पातळ दिलं?” काशीअक्का म्हणाली, “ते मले काय माहीत? तू तर दार लावून करतेस.”

विहीर तळाला गेली होती. पाट आठ-आठ दिवस कोरडा राहायचा आणि कडेचा माका वाळून काड्या झालेला. मी रोज भारा न घेता परत यायची आणि फुई रोज म्हणायची, “नही भेटना का पाहाले गईच नही?” तिसऱ्या दिवशी मी सकाळभर नानांची पिलं कापली आणि मग बांधाच्या पलीकडे गेले. तिथे फवारणीचे पंप धुवायची जागा होती, म्हणून थोडी ओल होती. आणि त्या ओलीत हिरवंगार, गुडघ्याएवढं, पांढऱ्या फुलाचं काहीतरी माजलेलं. पान लांबट, खरखरीत. मी एक पान तोडलं, तळहातावर चुरडलं आणि दम धरला.

हात काळा होता. पण तो सकाळपासूनच काळा होता.

हे मी त्या वेळी जाणलं की नाही, हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल. मी दुसरा हात पाहू शकले असते, तोही चिकाने माखलेला होता. मी पायाच्या तळव्यावर पान चोळू शकले असते, दगडावर चोळू शकले असते, नानांना हाक मारू शकले असते. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले एवढं आठवतं. वास जरा निराळा वाटला. मग मी स्वतःला म्हटलं, काळा आहे ना, मग झालं. आणि भारा बांधला.

“हात दखाड,” फुई दारात म्हणाली. मी दाखवला. ती बाजूला सरली.

तेल नेहमीपेक्षा उजळ झालं. फुईने वात जाळून पाहिली, गुपचूप जळली. तिने बोट बुडवून उजेडात धरलं आणि म्हणाली, “तेली बदमाश शे. तिळमा सरकी घाली दिधी त्यानी.” मी पाटा धूत होते. मी पाट्यावर आणखी पाणी ओतलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी काशीअक्का शोभाचा हात धरून आमच्या अंगणात आली. शोभाने डोक्यावर ओढणी गच्च धरली होती. काशीअक्काने ती ओढून काढली. भांगाच्या दोन्ही बाजूंना कातडी लालभडक, बारीक पुरळ आलेलं, आणि भांग बोटभर रुंद झाला होता. शोभाने केसांतून नुसता हात फिरवला, तर हातात जुडी आली. ती रडत नव्हती, हातातल्या केसांकडे पाहत होती.

“काय घातलं व तू त्यात?” काशीअक्का ओरडली. “पंधरा दिवसांवर लगीन आहे पोरीचं! आता नवरदेवाले काय दाखवू, हे?”

“मन्ह्या हातनं वीस वरीस तेल जाई राहिनं,” फुई म्हणाली. “आजलोंग कोनलेच काई व्हयनं नही. तूच काय लाई दिधं व्हई पोरीच्या डोक्याले. मन्हं नाव बुडाडाले.”

“मी? माह्या पोटच्या पोरीचे केस मी जाळीन?”

दोघी अशा भांडल्या की गल्ली गोळा झाली. तेवढ्यात हिरव्या दोऱ्याची आली, मग जांभळ्या दोऱ्याची. जिने जास्त चोळलं तिला जास्त, जिने बोट लावून ठेवलं तिला फक्त खाज. काशीअक्कावरचा संशय तिथेच गळून पडला. फुईला दुसरा कुणीतरी दोषी हवा होता. ती आत गेली, गुंजेच्या पाल्याचं उरलेलं गाठोडं सोडलं आणि चाळत बसली. त्यात तीन गुंजा निघाल्या, लालभडक, काळ्या डोळ्याच्या. गुंज विषारी असते हे पोराटोरांनाही माहीत. फुईने त्या तळहातावर घेऊन बायकांना दाखवल्या. “हाई दखा. पालामा बिया घाली दिध्या तिनी.”

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटावं असं मला फार वाटत होतं. मी त्या तीन गुंजांकडे पाहून मनात म्हटलं, हो, यानेच झालं असेल. पण पाल्याबरोबर एखादी शेंग याआधीही आली होती आणि फुईने स्वतः ती वेचून काढली होती.

पुढच्या बाजाराला फुई मला घेऊन यावलला गेली. बिजली नेहमीच्या जागी बसली होती. मागच्या मालाचे आठ रुपये तिला द्यायचे होते. फुईने ते दिले नाहीत. तिने नवं आणलेलं गाठोडंही पायाने लोटलं, पाला रस्त्यावर पसरला, त्यावरून एक बैलगाडी गेली. फुई मोठमोठ्याने बोलत होती, लोक थांबून पाहत होते. बिजलीने एकदाच, फुईच्याच बोलीत, विचारलं, “काय व्हयनं?” कुणी तिला नीट सांगितलं नाही. तिने चिरडलेला पाला गोळा केला नाही. ती माझ्याकडे पाहत होती. तिला वाटलं असेल, ही पोर बोलेल. मी माझे दोन्ही हात परकराच्या घडीत लपवून उभी होते आणि साक्रीच्या गाडीचा विचार करत होते.

आखाजीला आठ दिवस झाले. शोभाचं लग्न आता आठवड्यावर आलं होतं. फुईने कढई पालथी घातली होती. नाना माझ्याकडे पाहायचंच टाळायचे. एका दुपारी फुई ओट्यावर माझी वेणी घालत होती. घालता घालता थांबली. पुढे वाकून तिने माझा उजवा हात उलटा केला.

“तू माका कवय आनेल व्हता?”

मी म्हटलं, आखाजीच्या आधी.

“तेले किती दिस व्हयनात?”

मी मोजले नाहीत. तिने मोजले. मग ती उठली, चुलीतली राख आणि चिंच घेऊन आली आणि माझा तळहात घासायला लागली. माक्याचा काळा रंग चिंचेने दोन दिवसांत जातो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती घासत राहिली, कातडी लाल झाली, काळं तसंच राहिलं. तिने हात नाकाशी नेला. नंतर अगदी हळू आवाजात म्हणाली, “हाऊ माका नही. चीक शे.”

नाना दारात उभे होते. “माझी कंबर धरली होती,” ते म्हणाले. “पोरीने मदत केली. तिचा काही दोष—”

“तुम्ही बोलू नका,” फुई म्हणाली. त्या वेळी नानांशी तिने आपली बोलीही वापरली नाही. मग माझ्याकडे वळली. “माले खोटं सांगं तू?”

“मी काही सांगितलंच नाही, फुई.”

“तेच ना.”

मी हे लिहिताना थांबले, पाणी पिऊन आले. पन्नास वर्षांवर झाली असतील. माझ्यावर कुणी ओरडलं, कुणी मारलं, ते सगळं पुसट झालं. हे दोन शब्द मात्र तसेच आहेत. मी लाजाळू आहे असं सगळे म्हणतात, सून म्हणते, मुलगा म्हणतो, कौतुकानेच म्हणतात. मला दर वेळी वाटतं की फुई असती तर म्हणाली असती, नीट पाहा, ती लाजते की लपवते.

मी माझे कपडे पिशवीत भरले. फुई आत आली, पिशवी पाहिली आणि विचारलं, “कोठे निघनी?” मी म्हटलं, साक्रीला. ती म्हणाली, “आनि हाई कोन निस्तरी?” मग खाली बसली, भिंतीला टेकली. “बठ्ठास्वर संशय लिधा मी,” ती म्हणाली. “तेलीवर, काशीवर, त्या बिजलीवर. एक तुना हात सोडीसन.” तिने पदर डोळ्याला लावला नाही, तशी ती नव्हतीच. पण झाकणांवर केस ठेवणारी ती बाई मला त्या वेळी एकदम म्हातारी दिसली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी दारोदार निघालो. बारा दारं. नानांनी बैलाच्या पेंडीसाठी ठेवलेले पैसे द्यायची तयारी दाखवली होती, फुईने घेतले नाहीत. जिच्या हाताने झालं तिच्या हाताने फिटेल, असं तिने ठरवलं. मी आता उघड उघड केळीत जायला लागले, नानांच्या आणि दुसऱ्यांच्याही, पिलं कापायला. मजुरी फुईच्या हातात. तीन रुपये जमले की एका दोऱ्याचं दार. दारात गेल्यावर बोलायचं मी. फुई मागे उभी राहायची. “तेलात पाला चुकीचा पडला. मी आणला होता. तुमचे पैसे.” एवढं बोलायला मला पहिल्या दारी इतका वेळ लागला की काशीअक्का चुलीवरची भाकरी उलटून परत आली.

तिचं दार आम्ही सगळ्यांत आधी घेतलं होतं. तिने नोटा उलटून पाहिल्या, शोभाला हाक मारून उजेडात धरायला लावल्या. “साक्रीवाले, पैसे परत करतेस म्हणजे यात अजून काहीतरी आहे,” ती म्हणाली. मी खरं काय ते सांगितल्यावर तिने माझा हात धरला, तळहात पाहिला आणि शोभाला म्हणाली, “घे, या काळ्या हाताने तुले गोरी करायची होती.” शोभा हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली, असं काशीअक्का नंतर सांगत होती. लग्न झालं. भांगावर फुलांची वेणी माळून वर पदर खिळे ठोकल्यासारखा टाचलेला होता, आणि नवरदेवाकडच्या बायका अख्खा वेळ पदराच्या काठाखाली डोकावत होत्या. दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा केस बोट-बोटभर परत आले होते, उभे, साळिंदरासारखे. तिने मुद्दाम येऊन मला ते दाखवले.

ते तण मुळातच वाईट होतं की फवाऱ्याच्या पाण्याने वाईट झालं, हे मला अजून कळलेलं नाही. त्याचं नावही मला माहीत नाही. पाऊस पडल्यावर पाटाला माका पुन्हा आला आणि फुईने कढई सरळ केली. पण त्यानंतर तिने मला कधी हात दखाड म्हटलं नाही. धुतलेल्या धोतराच्या पांढऱ्या चिंध्या करून ठेवल्या, त्यावर पाला चोळायचा आणि चिंधी तिला द्यायची. मी चिंधी देत राहिले. तिची आठवण आली की मला तेलाचा वास येत नाही, तर त्या चिंध्या दोरीवर वाळताना दिसतात.

बिजली राहिली होती. ती यावलच्या बाजाराला येईनाशी झाली. दुसऱ्या बायकांना विचारलं तर म्हणायच्या, माहीत नाही. माहीत असलं तरी आम्हाला कशाला सांगतील? आठ रुपये मागचे आणि रस्त्यावर गेलेल्या गाठोड्याचे पाच, असे तेरा रुपये फुईने वेगळ्या पुरचुंडीत बांधून ठेवले होते. दर बाजाराला आम्ही ती पुरचुंडी नेत होतो आणि परत आणत होतो. थंडी पडल्यावर एकदा ती दिसली, जुन्या जागी नाही, पार टोकाला, एका दगडाजवळ. समोर आवळकाठी मांडलेली.

आम्हाला पाहून तिने आधी आपला माल फडक्याखाली ओढून घेतला.

मी खाली बसले. म्हटलं, “पाला तुझा चांगला होता. चूक माझी होती. मी तेव्हा बोलले नाही.” फुईने पुरचुंडी माझ्या हातात दिली, मी ती तिच्यापुढे सोडली. फुईने मागून म्हटलं, “तेरा शेत. मोजी ले.” बिजलीने मान वर केली नाही. सगळे रुपयेच होते, एकेक. तिने पहिला उचलला, शेजारच्या दगडावर आपटला आणि कान देऊन ऐकला, थेट फुई वात ऐकायची तसं. मग बाजूला ठेवला. मग दुसरा. फुईला राग आला असावा, पण ती उभी राहिली. दहावा बद्द वाजला. बिजलीने तो पुन्हा आपटला. बद्दच. तिने तो फुईकडे नाही, माझ्याकडे धरला.

माझ्या परकराच्या कनवटीला त्या दिवशीची मजुरी होती. मी त्यातला एक रुपया काढून तिच्या हातावर ठेवला. तिच्या बोटांना माझी बोटं लागली, तिचीही काळीच होती, कशाने ते मी विचारलं नाही. तिने तो दगडावर आपटला. खणकन वाजला. उरलेले तीनही वाजले. मग तिने तेराच्या तेरा ओढणीच्या टोकाला बांधले, दाताने गाठ आवळली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

“बठ्ठा उनात,” ती म्हणाली, म्हणजे सगळे आले, आणि मालावरचं फडकं काढलं.